झटका मशीन आणि लघवीच्या पिशवीचा कॅन्सर

(हा भाग ऐकायला वेळ नसेल किंवा घरच्यांना वाचून दाखवायचा असेल, म्हणून ही लेखी प्रत. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? आज सुरुवात एका व्हॉइस मेसेजनं करते. पाठवणारा २२ वर्षांचा आहे, सुप्याच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जातो. नाव सांगणार नाही, पण मेसेज वापरायची परवानगी त्यानं दिलीय. तो म्हणतो:

“ताई, एक रील पाह्यली. करंट देऊन कॅन्सरच्या पेशी मारत्यात, अन् बाकीच्या पेशींना काय होत नाही म्हणे. आमच्या अण्णांना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघालाय. दुर्बिणीतून गाठ काढली, आता दर आठवड्याला पिशवीत औषध सोडत्यात. दोन झाले. लई आग होती त्यांना. ते म्हणतात, हे बंद कर अन् मला त्या करंटवाल्याकडं ने. खरं हाये का हे? नेऊ का?”

मेसेज ऐकला आणि ठरवलं, पुढचा भाग हाच. कारण यातलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेली रील जास्त घोळ घालते. तर आज करंटनं पेशी कशी मरते, ‘फक्त कॅन्सरचीच’ मरते म्हणजे नेमकं काय, आणि अण्णांनी आत्ता काय करायचं, हे सगळं बघू. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. वाचलेलं, समजून घेतलेलं सांगतेय. उपचाराचा निर्णय अण्णांच्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

आधी शेतात जाऊ

पारनेर तालुक्यात राहणाऱ्याला झटका मशीन समजावून सांगायला नको. रानडुकरं मका, भुईमूग उकरतात, म्हणून शेताभोवती तार आणि बांधावर ते मशीन. टक्… टक्… टक्… रात्रभर. लहानपणी मामाच्या शेतात मी त्या तारेला हात लावलाय. कोपरापर्यंत असा काही दणका बसला की मामी धावत आली. पण पाच मिनिटांत मी परत खेळायला.

आता गंमत बघा. मशीनची बॅटरी साधारण १२ व्होल्टची. तारेवर मात्र काही हजार व्होल्ट. आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात आणि तो करंट माणसाचा जीव घेऊ शकतो. मग हजारो व्होल्टच्या तारेला हात लावून मी जिवंत कशी?

उत्तर वेळेत आहे. चांगल्या मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, आणि मग सेकंदभर शांतता. व्होल्ट खूप, पण वेळ इतका थोडा की एकूण ऊर्जा अगदी किरकोळ. (म्हणूनच तारेला थेट लाईनचा करंट जोडणं हा गुन्हाही आहे आणि जीवघेणंही. दोन्ही ‘करंटच’, पण एक सेकंदाच्या तुकड्याएवढा, दुसरा सलग.)

हे लक्षात ठेवा: किती व्होल्ट, याच्याइतकाच किती वेळ हा प्रश्न महत्त्वाचा. आजचा सगळा विषय याच्यावर उभा आहे.

पेशीच्या कुंपणाला भोकं

आपल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीच्या रेणूंचं दुहेरी, पातळ आवरण असतं. त्याला पेशीपटल म्हणतात. पातळ म्हणजे किती? साधारण ५ नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, आता करा हिशोब.

या पटलाच्या आत आणि बाहेर कायम थोडा विजेचा फरक असतो. ५० मिलिव्होल्ट धरा. ऐकायला काहीच नाही, पण तो ५ नॅनोमीटरवर पडतो. मीटरच्या हिशोबात तो १ कोटी व्होल्ट होतो! कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे साधारण ३० लाख व्होल्ट लागतात. म्हणजे आपली प्रत्येक पेशी बसल्या जागी हवेला न पेलणारा ताण सांभाळत असते.

बाहेरून विजेचं क्षेत्र लावलं की हा ताण वाढतो. पटलावरचा फरक अर्धा ते एक व्होल्टच्या घरात गेला की चरबीचे रेणू बाजूला सरकतात आणि पटलाला बारीक बारीक भोकं पडतात. याला म्हणतात इलेक्ट्रोपोरेशन. १९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भोकांतून उंदराच्या पेशींत जनुकं घालून दाखवली, आणि हे तंत्र जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतही, विजेच्या क्षेत्रात चरबीच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्या कशा ताणल्या जातात, कशा फुटतात, यावर संशोधन झालंय.

पुढे काय होतं ते झटक्यावर अवलंबून. झटका बेताचा असेल तर भोकं मिनिटांत बुजतात आणि पेशी जगते. जोरदार असेल तर भोकं बुजत नाहीत, आतलं बाहेर, बाहेरचं आत, आणि पेशी मरते.

दोन्हींचा उपयोग आहे. बेताच्या झटक्याचा उपयोग औषध आत ढकलायला. ब्लिओमायसिन नावाचं कॅन्सरचं औषध एरवी पेशीत फारसं शिरत नाही, पण भोकं पडली की घुसतं. फ्रान्समध्ये लुई मीर यांच्या गटानं १९९१ मध्ये हे रुग्णांवर सुरू केलं. आज युरोपात त्वचेवरच्या गाठींसाठी ही पद्धत नियमित वापरली जाते. झटके साधारण ८, प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांचा. सगळे मिळून करंट चालू असतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी!

जोरदार झटक्याचं तंत्र २००५ मध्ये राफाएल डावालोस, लुई मीर आणि बोरिस रुबिन्स्की यांनी मांडलं. औषध न घालता, नुसत्या झटक्यानं गाठ मारायची. यात खूप उष्णता तयार होत नाही, त्यामुळे पेशी मरतात पण त्यांच्यामधली कोलॅजनची जाळी बऱ्यापैकी शाबूत राहते. घर रिकामं झालं, पण भिंती उभ्या, असं समजा.

मग ‘फक्त कॅन्सरचीच’ पेशी कशी?

इथं रील घाई करते. करंटला कॅन्सर ओळखता येत नाही. पेशीपेशीतल्या फरकाचा फायदा माणसाला घ्यावा लागतो. तो मुख्यतः चार प्रकारे घेतात.

पहिला, जागा. इलेक्ट्रोड कुठं लावले यावर क्षेत्र ठरतं, आणि त्यांच्यापासून दूर गेलं की ते झपाट्यानं कमी होतं. म्हणजे निवड करंट करत नाही, सर्जनचा हात करतो.

दुसरा, आकार. गोल पेशी जितकी मोठी, तितका त्याच क्षेत्रात तिच्या पटलावर ताण जास्त. ढोबळ हिशोब सांगते. सेंटिमीटरला १००० व्होल्ट क्षेत्र असेल तर २० मायक्रोमीटर रुंदीच्या पेशीवर दीड व्होल्ट चढतो, १० मायक्रोमीटरच्या पेशीवर पाऊण व्होल्ट. पहिलीला भोकं पडणार, दुसरी काठावर वाचू शकते. कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा मोठ्या असतात, म्हणून त्या आधी सापडतात.

पण थांबा. लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, हा नियम सरळ लागू होत नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात सगळ्यात वरच्या थराला ‘छत्रीपेशी’ असतात. त्या निरोगीच असतात आणि चांगल्या मोठ्या असतात. नुसता आकार बघून झटका दिला तर आपलीच माणसं आधी पडायची. म्हणून संशोधक तिसऱ्या गोष्टीकडे वळले.

तिसरा, वेळ. पेशीपटलाला ‘चार्ज’ व्हायला मायक्रोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळ लागतो. झटका त्याहूनही छोटा केला तर? कंपनीच्या गेटवर वॉचमन खुर्चीतून उठायच्या आत बाईक आत गेली, असं होतं. क्षेत्र पेशीच्या आत पोचतं, आतल्या भागांवर काम करतं. अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात कार्ल शोनबाख, स्टीफन बीबी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. २००६ मध्ये ३०० नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी उंदरांच्या त्वचेवरच्या मेलॅनोमाच्या गाठी आक्रसून गेल्याचं प्रसिद्ध झालं. ३०० नॅनोसेकंद म्हणजे? सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या वेळात जेमतेम ९० मीटर जातो. सुप्याच्या हायवेवरचे विजेचे दोन-तीन खांब, बास.

आत पोचल्याचा फायदा काय? कॅन्सरच्या पेशीत केंद्रक, म्हणजे न्यूक्लियस, पेशीच्या मानानं मोठं असतं. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली हेच बघून ‘काहीतरी गडबड आहे’ म्हणतात. २०१५ मध्ये डावालोस यांच्या व्हर्जिनिया टेकमधल्या गटानं मेंदूच्या कॅन्सरच्या पेशींवर दाखवलं की अतिशय आखूड, दिशा बदलणाऱ्या झटक्यांत हा केंद्रकाचा फरक निर्णायक ठरू शकतो. म्हणजे पेशी बाहेरून किती मोठी आहे, यापेक्षा आतून कशी आहे, यावर निवड. छत्रीपेशींची अडचण लक्षात घेता मूत्राशयासाठी ही दिशा आशेची आहे.

चौथा, सोबतचं औषध. ब्लिओमायसिन डीएनए तोडतं, त्यामुळे विभागणारी पेशी विभागताना मरते. निरोगी पेशी बहुतेक वेळ शांत बसलेल्या असतात, त्या तगतात. डेन्मार्कमधल्या युली गेल यांच्या गटानं तर औषधाऐवजी साधं कॅल्शियम भोकांतून आत सोडून बघितलं. आत शिरलेलं कॅल्शियम बाहेर फेकता फेकता पेशीची ऊर्जाच संपते.

मूत्राशय सोयीचंही, अवघडही

सोयीचं अशासाठी की मूत्राशयाला नैसर्गिक वाट आहे. पोट न उघडता लघवीच्या मार्गातून दुर्बीण आत जाते, गाठ डोळ्यांनी दिसते, औषध नुसतं भरून ठेवता येतं. शिवाय निदान होतं तेव्हा चारपैकी साधारण तीन रुग्णांत कॅन्सर अस्तरापुरताच असतो, खालच्या स्नायूत शिरलेला नसतो. आणि अस्तर खरवडलं तरी ते खालच्या पेशींतून परत तयार होतं.

अवघड काय, तेही ऐका. मूत्राशय हा फुगा आहे. रिकामा वेगळा, भरलेला वेगळा, त्यामुळे इलेक्ट्रोडमधलं अंतर बदलत राहतं. आतलं खारं पाणी करंट स्वतःकडे ओढतं. भिंत पातळ. आणि मूत्राशयाच्या बाजूनं मांडीकडे जाणारी एक नस आहे. आजही दुर्बिणीतून विजेच्या तारेनं गाठ खरवडताना त्या नसेला करंट लागला तर रुग्णाचा पाय अचानक उडतो आणि भिंतीला भोक पडायचा धोका असतो. सर्जन त्यासाठी आधीपासून काळजी घेतात. झटक्यांच्या उपचारात तर ही अडचण मुळातच आहे. दिशा बदलणारे आखूड झटके स्नायूंना कमी उचकवतात, म्हणून त्यांच्यावर इतका भर आहे.

मग आज गाडी कुठं आहे? हृदयाचे अनियमित ठोके सुधारायला झटक्यांचा उपचार रुग्णांपर्यंत पोचलाय. त्वचेच्या गाठींचं सांगितलंच. मूत्राशयाच्या बाबतीत मात्र बहुतेक काम प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राण्यांवरचं आहे. नेहमीचा उपचार म्हणून ते उपलब्ध नाही.

मूत्राशयात विजेचा आणखी एक उपयोग माणसांवर नीट तपासला गेलाय, पण त्यात झटके नसतात. सौम्य, सलग करंटनं मायटोमायसिन हे औषध भिंतीत खोलवर ओढायचं. इटलीत साविनो दी स्तासी यांच्या गटानं २१२ रुग्णांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. नुसत्या बीसीजीपेक्षा बीसीजी आणि हे करंटसोबतचं मायटोमायसिन आलटून पालटून दिलेल्यांत कॅन्सर परत यायला जास्त वेळ लागला. पण बघा, तिथंही बीसीजी सोडलेलं नव्हतं. बीसीजीच्या जोडीला करंट होता.

अण्णांचं औषध

आता आपल्या मित्राकडे. अण्णांच्या पिशवीत दर आठवड्याला जे सोडतायत ते बहुधा बीसीजी आहे. फाईलवर नाव बघून घे. हो, तीच बीसीजी, जिची खूण आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे. टीबीची लस, १९२१ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा बाळाला दिलेली. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलं की हे कमजोर केलेले जिवंत जंतू मूत्राशयात सोडले तर शरीराची प्रतिकारशक्ती तिथं धावून येते आणि कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. जवळजवळ ५० वर्षं झाली, धोक्याच्या अस्तरापुरत्या कॅन्सरसाठी हाच पहिल्या पसंतीचा उपचार आहे. आणि मूत्राशयासाठीची बीसीजी आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. सुप्याहून शिरूर, रांजणगाव, वाघोली करत जातोस ना, त्याच रस्त्याच्या शेवटी.

म्हणजे मित्रा, निवडून मारणारा उपचार अण्णांना मिळतोच आहे. त्यात निवड करंट करत नाही, त्यांच्याच पांढऱ्या पेशी करतात.

आग होते त्याचं काय? पहिले एक-दोन दिवस आग, सारखी लघवी, बारीक कणकण हे बीसीजीसोबत येतं. अस्तर सुजतं, कारण तिथं लढाई चाललेली असते. पण सोसत बसायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं. आग कमी करायची औषधं असतात, गरज पडली तर डोस पुढं ढकलतात किंवा कमी करतात. ताप १०१ च्या वर गेला, उतरेना, थंडी वाजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोसच्या दिवशी सहा तास अण्णांनी बसून लघवी करायची आणि संडासात ब्लीच टाकून थोड्या वेळानं पाणी ओतायचं, कारण ते जंतू जिवंत असतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचार.

आणि ‘करंटवाला’? तुझ्या मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही, डिग्री नाही. समजा कुणी पोटाला बाहेरून पट्टे बांधून करंट देत असेल, तर आज आपण जे बोललो त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. खऱ्या उपचारात इलेक्ट्रोड गाठीपाशी असतात, भूल असते, मोठ्या झटक्यांच्या वेळी ते हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून देतात. तीन प्रश्न विचार: मूत्राशयाच्या किती रुग्णांवर केलं, कुठं छापून आलं, आणि ही ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक काय? नोंदणीकृत ट्रायलमध्ये उपचारासाठी पैसे मागत नाहीत, उलट संमतीपत्र वाचून घेतात. उत्तर मिळालं तर ते अण्णांच्या डॉक्टरांना दाखव. नाही मिळालं तर गाडी परत वळव.

या कॅन्सरची एक खोड आहे, तो परत परत येतो. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. ती तारीख चुकवणं आणि डोस मध्येच सोडणं, यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. अस्तरातला कॅन्सर स्नायूत शिरला की मग अनेकदा पिशवीच काढायची वेळ येते. अण्णांना हे भीती घालून नको सांगूस, पण सांग.

बाकीच्यांसाठी, जायच्या आधी

मित्राला मी विचारलं होतं, अण्णांचं कळलं कसं? तो म्हणाला, “लघवी लाल व्हायची. अण्णा म्हणायचे, उन्हाळी लागली. सब्जा, धण्याचं पाणी पीत बसले. चार महिने.”

मंडळी, हे आपल्याकडे घरोघरी होतं. उन्हाळीत जळजळ होते, लघवी थेंब थेंब होते. मुतखड्यात कळा येतात. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे न दुखता लघवीतून रक्त. आणि ते आपोआप थांबतंही, म्हणून माणूस फसतो. बीट खाल्लं नसताना लघवी एकदा जरी लाल दिसली, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, डॉक्टर म्हणाले तर दुर्बीणही. बऱ्याचदा कारण साधं निघतं. निघू दे की!

आणि कारणांचं म्हणाल तर पहिला नंबर धुराचा. बिडी-सिगारेटमधली रसायनं फुफ्फुसातून रक्तात, रक्तातून किडनीत, तिथून लघवीत येतात, आणि मग तासन्‌तास त्या पिशवीत मुक्काम. ८-१० तासांच्या शिफ्टमध्ये लघवी दाबून, टपरीवर सिगारेट ओढणाऱ्यांनी जरा विचार करा. दुसरं कारण काही कारखान्यांतली रसायनं. जर्मनीत लुडविग रेन या सर्जननी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा कॅन्सर दिसतो हे सांगितलं होतं. तुमच्या कामात रंग, रबर, सॉल्व्हंट असेल तर हातमोजे आणि मास्क साहेबांना दाखवण्यापुरते घालू नका.

आज एवढंच. आपल्या मित्राचा काल परत मेसेज आला. अण्णा कुरकुरत का होईना, तिसऱ्या डोसला गेले. आग झाली, पण या वेळी डॉक्टरांना सांगितलं, गोळी दिली. मूत्राशयासाठी झटक्यांचा उपचार खरंच दवाखान्यापर्यंत आला, तर त्यावर नवा भाग करीन, शब्द देते. तोवर हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा, जो म्हणतो, “काही नाही गं, उष्णता झालीय.” भेटू पुढच्या रविवारी!